बो दोमाजचा 1974 चा अल्बम एवढा महत्त्वाचा का मानतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात बी-टू पातळीपर्यंत फ्रेंच झालं आहे, काही महिन्यांत कामासाठी माँट्रियलला जायचं आहे, आणि तिथल्या होऊ घातलेल्या सहकाऱ्याने बो दोमाज या बँडचा 1974 चा पहिला अल्बम आवर्जून ऐकायला सांगितला. तुम्ही तो ऐकलात. निम्मे शब्द कळले नाहीत. जे कळले त्यात एक रडणारा सील आहे, शाळेची नाताळची सुट्टी आहे, एका घराचा पत्ता आहे. संगीत त्या काळातल्या अमेरिकन फोक रॉकसारखं वाटलं. मग क्वेबेकमधले, म्हणजे माँट्रियल ज्यात आहे त्या कॅनडाच्या फ्रेंचभाषक प्रांतातले, लोक याच्याबद्दल एवढ्या जिव्हाळ्याने का बोलतात, आणि भाषा शिकायला याचा काही उपयोग आहे का?

मी बरीच वर्षं फ्रेंच शिकवते आहे. आधी महाराष्ट्रात, आता माँट्रियलमध्ये, नव्याने आलेल्या प्रौढांना. हा अल्बम मी वर्गात वापरते, आणि तुम्ही मांडलेली अडचण जवळजवळ प्रत्येक तुकडीत कुणीतरी मांडतंच. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. एक कानाची आहे, ती थोड्या सरावाने सुटेल. दुसरी अपेक्षेची आहे. ‘सांस्कृतिकदृष्ट्या महत्त्वाचा’ असं ऐकल्यावर आपण घोषणा शोधतो, बंडखोर कविता शोधतो, नाहीतर कधी न ऐकलेलं संगीत शोधतो. या अल्बममध्ये यातलं फारसं काही नाही, आणि त्याचं मोठेपण बरंचसं त्या नसण्यातच आहे. हे का, ते समजावून सांगायला थोडा इतिहास लागेल.

त्याआधी एक स्पष्ट करते. उपयोग आहे की नाही हे तुमच्या गरजेवर ठरेल. टेफसारखी फ्रेंचची परीक्षा तोंडावर असेल तर हा अल्बम तूर्त बाजूला ठेवा. परीक्षेतल्या ध्वनिफितींची फ्रेंच वेगळी असते आणि दोन्ही एकदम कानात घेतलं तर गोंधळ होतो. पण परीक्षा झाली असेल आणि आता त्या शहरात राहायचं असेल, तर मी म्हणेन, लगेच सुरू करा. आणि तुम्ही माँट्रियललाच जात आहात हेही महत्त्वाचं. क्वेबेकमधल्याच सागने किंवा गास्पेसी या दूरच्या भागांत जाणाऱ्याला मी हा अल्बम एवढ्या आग्रहाने सुचवणार नाही, कारण तो फार नेमक्या अर्थाने माँट्रियलचा आहे.

आता कानाबद्दल. तुम्ही पॅरिसच्या वळणाची फ्रेंच शिकलात. क्वेबेकमध्ये इ आणि ‘तु’मधला तो ओठ गोल करून काढायचा स्वर, यांच्या आधी आलेले त आणि द बदलतात: ‘तु’ हा ‘त्सु’सारखा होतो, सोमवारचा ‘लँदी’ हा ‘लँद्झी’सारखा. इथे मराठी माणसाला एक हक्काचा फायदा आहे. ‘चिंच’ म्हणून बघा. त्यातला पहिला च तालव्य, दुसरा दंततालव्य. तो दुसरा च आणि ‘जग’मधला ज, हेच ते दोन आवाज. माझे इतर देशांतून आलेले विद्यार्थी हे आवाज ओळखायला वेळ घेतात, मराठी विद्यार्थ्यांना एकदा दाखवलं की पुरतं. याखेरीज ‘म्वा’चं ‘म्वे’ होतं, ‘ज स्वी’ आक्रसून ‘शू’ होतं, आणि प्रश्न विचारताना क्रियापदामागे एक जादा ‘तु’ येऊन बसतो: ‘तु व्हिएं-तु?’ म्हणजे ‘येतोस का?’ एवढं हाताशी असेल तर अल्बममधला बराच भाग उलगडतो. कानाचा प्रश्न यापेक्षा मोठा नाही.

अपेक्षेच्या प्रश्नाला मात्र नीट वेळ द्यायला हवा.

1950-60 च्या दशकांत क्वेबेकमध्ये फ्रेंच गाण्याची एक प्रतिष्ठित परंपरा होती. गिटार घेऊन एकटा गाणारा कवी-गायक. नदी, बर्फ, जंगल, गाव, पूर्वज. फेलिक्स लक्लेर, जील व्हिन्यो ही त्यातली थोर नावं. शब्द सुंदर, उच्चार जपून केलेले. दुसरीकडे तरुणांना नाचायला हवी ती गाणी म्हणजे बऱ्याचदा इंग्रजी हिट गाण्यांच्या फ्रेंच आवृत्त्या. या दोन्हींच्या मधे, माँट्रियलच्या पूर्वेकडच्या दुमजली-तिमजली घरांत वाढलेला, कारखान्यात किंवा दुकानात काम करणाऱ्या बापाचा, रेडिओवर बीटल्स ऐकणारा मुलगा जसा बोलतो तसं गाणं जवळपास नव्हतंच. त्याच्या बोलीला ज्वाल म्हणत, आणि ते कौतुकाचं नाव नव्हतं. शाळेत ती बोली सुधारली जायची. नोकरीत वर चढायचं तर इंग्रजी लागायची. म्हणजे माणूस बहुसंख्य समाजातला, शहर त्याचं, पण त्याची भाषा दोन्हीकडून कमी लेखलेली.

1968 मध्ये हे फुटलं. मिशेल त्रांब्लेच्या ‘ले बेल-सर’ या नाटकातल्या बायका रंगमंचावर ज्वालमध्ये बोलल्या आणि मोठा वाद झाला. त्याच वर्षी रोबेर शार्लबुआने रॉक संगीतावर तीच बोली गायली. पण या पहिल्या लाटेत बोलीला धक्का देण्याचं काम होतं. ती संतापाची होती, किंवा हसवणारी होती, किंवा दोन्ही. श्रोत्याला सतत जाणवत राहायचं की बघा, हे लोक ज्वालमध्ये बोलतायत.

बो दोमाज त्यानंतर सहा वर्षांनी आले. मुलं क्वेबेक विद्यापीठाच्या माँट्रियल शाखेच्या वर्तुळातली, विद्यार्थी-रंगभूमीवरून संगीताकडे वळलेली. मिशेल रिवार, रोबेर लेजे, पिएर बर्त्रां, मारी-मिशेल देरोझिए, ड्रमवर रेआल देरोझिए. आणि पिएर ह्युए, जो गाणी लिहायचा पण मंचावर नसायचा. अल्बम डिसेंबर 1974 मध्ये आला. त्याच वर्षी जुलैत क्वेबेकच्या विधानसभेने फ्रेंचला प्रांताची अधिकृत भाषा ठरवणारा कायदा केला होता. दोन वर्षांनी, नोव्हेंबर 1976 मध्ये, क्वेबेकच्या सार्वभौमत्वाची मागणी करणारा पक्ष निवडून येणार होता, आणि 1977 मध्ये भाषेचा अधिक कडक कायदा होणार होता. वातावरण किती तापलेलं असेल याची कल्पना करा. आणि त्या वातावरणात या मुलांनी काय गायलं? घरी परतणं, जुन्या मैत्रिणीबरोबरचं नाचणं, सुट्टी, एक सुतारपक्षी, एक सील.

माझं म्हणणं असं आहे: ज्या बोलीतून लोकांनी तोपर्यंत संताप आणि विनोद ऐकला होता, तिच्यातून या अल्बमने हळुवारपणा ऐकवला. तिघाचौघांचे आवाज एकमेकांत गुंफून, ध्वनिक गिटारवर, बासरीच्या साथीने, अगदी सहज. भाषेचं समर्थन नाही, माफी नाही, मिरवणंही नाही. ऐकणाऱ्याला पहिल्यांदा वाटलं की आपण घरात जसे बोलतो त्या बोलण्यात एवढं सुरेल काहीतरी आधीपासून होतं. सुमारे 60 लाख वस्तीच्या प्रांतात या अल्बमच्या 3 लाखांहून अधिक प्रती खपल्या. म्हणजे तो चळवळीतल्या लोकांपुरता राहिला नाही. ज्यांना राजकारणाशी देणंघेणं नव्हतं त्यांच्याही घरात गेला.

‘अमेरिकन वाटतं’ ही तुमची तक्रार खरी आहे. वाटतंच. बीटल्सचा आणि अमेरिकन किनाऱ्यावरच्या त्या काळातल्या समूहगायनाचा ठसा उघड आहे, त्यांनी तो लपवलेला नाही. पण माँट्रियलहून अमेरिकेची सीमा गाडीने तासाभरावर आहे. तिथला तरुण पॅरिसच्या गाण्यांइतकाच, किंबहुना जास्त, अमेरिकन रेडिओवर वाढला होता. तो फ्रेंच बोलणारा उत्तर अमेरिकन होता. पॅरिसचा दूरचा नातेवाईक म्हणून त्याची ओळख अपुरी पडत होती, आणि इंग्रजी गाण्यांचा अनुवाद गाणं म्हणजे तर स्वतःला पुसूनच टाकणं. या अल्बमने दोन्ही वारसे एकाच गळ्यातून गाऊन दाखवले. म्हणून संगीत शुद्ध देशी असतं तर ते खोटं ठरलं असतं. ‘आर्मोनी द्यु स्वार आ शातोगे’ हे गाण्याचं नाव पाहा: पहिला भाग बोदलेरच्या प्रसिद्ध कवितेचं शीर्षक, आणि शातोगे हे माँट्रियलच्या नैऋत्येचं एक साधं उपनगर. फ्रेंच साहित्याचा मुकुटमणी आणि उपनगरातली संध्याकाळ एका ओळीत शेजारी शेजारी, कुणी वर नाही, कुणी खाली नाही.

आता तो पत्ता. ‘तू ले पाल्मिए’ या गाण्यात निवेदक दूर दक्षिणेत, ताडामाडांच्या देशात आहे. ही झाडं माझ्याशिवायही वाढतील, मी घरी चाललो, असं तो म्हणतो, आणि घर म्हणजे कुठे ते नंबरासकट सांगतो: 6760, सँ-व्हालिए. हा पत्ता खराखुरा आहे, माँट्रियलच्या ला प्तित-पात्री या भागातला. तुम्ही तिथे पोचलात की मेट्रोने जा आणि रस्ता बघा. वीट, बाहेरून चढणारे लोखंडी जिने, छोटी गच्ची. कुठलंही स्मारक म्हणून उभारलेली वास्तू नाही. आधीच्या गाण्यांमध्ये ‘माझा देश’ म्हणजे अफाट हिवाळा आणि क्षितिज असायचं. इथे देश एका भाड्याच्या घराच्या क्रमांकाएवढा झाला आणि त्यामुळेच लोकांच्या हाती लागला. ‘चायनाटाउन’ आणि ‘मोंरेआल’ ही गाणीही त्याच नकाशावर आहेत. मी वर्गात या अल्बमबरोबर शहराचा नकाशा भिंतीवर लावते, शब्दार्थांची यादी देत नाही. नावं आधी कानाला ओळखीची होतात, मग वाक्यं.

‘ल जेआं बोप्रे’ बऱ्याच जणांकडून निसटतं, म्हणून त्याच्यावर जरा थांबते. एदुआर बोप्रे हा खरा माणूस. 1881 मध्ये आजच्या सस्कॅचेवानमधल्या विलो बंच या गावात, फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबात जन्मला. उंची 8 फुटांहून जास्त. घरच्या गरिबीमुळे सर्कशीत आणि जत्रांत स्वतःला दाखवत फिरला, आणि 1904 मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी, वयाच्या 23 व्या वर्षी, क्षयाने गेला. प्रेत घरी न्यायला वडिलांकडे पैसे नव्हते. ते माँट्रियलमध्ये लोकांना पाहायला ठेवलं गेलं, आणि नंतर विद्यापीठाच्या ताब्यात आलं. अल्बम आला तेव्हा त्याचा देह अजून विद्यापीठातच होता. अस्थींना गावची माती मिळाली ती 1990 मध्ये. हे कळल्यावर गाणं पुन्हा ऐका. पश्चिमेतून आलेला, इंग्रजी भाषकांच्या बाजारात अंग विकणारा, मेल्यावरही प्रदर्शनात अडकलेला एक फ्रेंच-कॅनेडियन मुलगा, आणि त्याच्याबद्दल त्याच शहरातली विशीतली मुलं मायेने गातायत. यात घोषणा एकही नाही, पण क्वेबेकच्या श्रोत्याला काय ऐकू आलं असेल ते सांगावं लागत नाही.

आणि म्हणूनच सीलचं गाणं. ‘ला कोंप्लेंत द्यु फोक आं अलास्का’ हे मिशेल रिवारचं. अलास्कातला एक सील एकटा पडला आहे, कारण त्याची ‘ब्लोंद’ (इथे याचा अर्थ प्रेयसी, केस कुठल्याही रंगाचे असोत) सर्कशीत पोट भरायला अमेरिकेत गेली. गाणं म्हणतं की नाकावर चेंडू फिरवायला जाण्यासाठी आपल्या माणसांना सोडणं काही खरं नाही. बालगीतासारखी चाल, म्हणून तुम्हाला ते किरकोळ वाटलं असावं. पण 1840 ते 1930 या काळात सुमारे 9 लाख फ्रेंच-कॅनेडियन अमेरिकेत गेले, बरेचसे न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत. क्वेबेकमध्ये क्वचितच असं घर असेल ज्यात कुणी काका, कुणी पणजीची बहीण ‘तिकडची’ झाली नाही, आणि दोन पिढ्यांत त्यांची फ्रेंच गेली नाही. रिवारने हा इतिहास मनात धरून गाणं लिहिलं असा माझा दावा नाही. तो इतिहास ऐकणाऱ्यांच्या घरात होता, आणि गाणं तिथे जाऊन पोचलं.

माझ्या वर्गात या गाण्यानंतर खोलीतलं बोलणं बदलतं, हे मी अनेक तुकड्यांत पाहिलं आहे. अल्जीरिया, कोलंबिया, फिलिपाईन्स, भारत, सगळीकडून माणसं आलेली असतात, आणि सगळीच कमाईसाठी कुणाला तरी मागे ठेवून आलेली असतात. व्याकरणाच्या तासाला तोंड न उघडणारी बाई या गाण्यावर तिच्या मोडक्या फ्रेंचमध्ये सलग बोलते. आपण त्या सीलच्या प्रेयसीच्या जागी आहोत, हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागत नाही. तुम्हीही काही महिन्यांत त्या जागी असाल. म्हणून हे गाणं मी शेवटी ऐकायला सांगते, बाकी सगळं परिचयाचं झाल्यावर, आणि जमलं तर तिकडे पोचल्यावर पहिल्या हिवाळ्यात.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: अल्बमने बोलीभाषेला कोमल सूर दिला, अमेरिकन ढंगाची लाज न बाळगता फ्रेंचमध्ये गायलं, आणि देशाऐवजी मोहल्ला गायला. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, आणि एवढ्या मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत, त्याआधी झाल्या नव्हत्या.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर तुम्ही तिथे जाऊन या अल्बममधलं शहर शोधत बसाल. हे माँट्रियल फ्रेंच-कॅनेडियन, कॅथलिक शाळेत शिकलेल्या, युद्धानंतर जन्मलेल्या पिढीचं आहे. हैतीहून, लेबनॉनहून, व्हिएतनामहून आलेल्यांचं माँट्रियल यात नाही. मूळ रहिवासी समाज यात नाहीत. आज ला प्तित-पात्रीतली घरभाडीही गाण्यातल्या मुलांना परवडणारी राहिलेली नाहीत. तिशीच्या आतल्या सहकाऱ्यांपैकी काहींना हा अल्बम आईवडिलांचा वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे. तरीही ‘23 डिसेंबर’ हे शाळकरी मुलाच्या सुट्टीचं गाणं नाताळ जवळ आला की दुकानांत, रेडिओवर लागतंच. फ्रेंच रेडिओ केंद्रांना गाण्यांपैकी 65 टक्के गाणी फ्रेंच ठेवावी लागतात, हा नियम त्यामागे आहे. पण नियम नुसती जागा देतो, त्या जागी पन्नास वर्षं कोण टिकतं हे लोक ठरवतात.

संगीत म्हणून अधिक धाडसी काही हवं असेल, तर तुमची तक्रार मी पूर्ण मान्य करते आणि आर्मोनियुम या बँडचा 1975 चा ‘सि ऑनाव्हे बझ्वँ द्युन सँकिएम सेझों’ सुचवते. पाचच रचना, चार ऋतूंच्या चार आणि पाचव्या, कल्पित ऋतूची शेवटची, जिच्यात शब्दच नाहीत. ड्रम नाहीत, बासरी, क्लॅरिनेट, मेलोट्रॉन आणि ध्वनिक गिटार. संगीताच्या बांधणीत तो बो दोमाजच्या पुढे आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्याचा गायक-गीतकार सेर्ज फिओरी 24 जून 2025 ला गेला, नेमका क्वेबेकच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, आणि त्या दिवशी तिथली माणसं ज्या तऱ्हेने त्याची गाणी गात होती, त्यावरून या पिढीच्या संगीताचं तिथलं स्थान कुणालाही कळलं असतं. पण भाषेसाठी आणि शहरासाठी पहिला मान बो दोमाजलाच.

ऐकायचा क्रम माझ्याकडून असा. ‘तू ले पाल्मिए’ नकाशा उघडून, शब्द न बघता, नुसती ठिकाणं पकडत. मग ‘23 डिसेंबर’. मुलाची भाषा सोपी असते आणि लय बोलण्याच्या जवळ असते, त्यामुळे बोलीतले आखडलेले शब्द इथे सगळ्यात लवकर सुटे होतात. मग ‘ल पिकब्वा’ आणि ‘जिनेत’, दोन टोकांचे मूड: एक शांत, एक नाचरा. या टप्प्यावर शब्द छापून घ्या, उच्चारात गाळलेली अक्षरं पेन्सिलीने भरा, आणि एक कडवं मोठ्याने, त्यांच्याच उच्चारात म्हणा. पॅरिसच्या उच्चारात म्हटलंत तर मात्रा बसणार नाहीत. ते तुमच्याच कानाला लगेच कळेल. त्यानंतर ‘ल जेआं बोप्रे’, आणि सर्वांत शेवटी सील.

बोलताना मात्र हे उच्चार लगेच उचलू नका. नवख्याने पहिल्याच आठवड्यात ‘म्वे’, ‘त्वे’ सुरू केलं तर तिथल्या काही लोकांना ती नक्कल वाटते. आधी नुसतं समजून घ्या. त-दचे आवाज आपोआप येतील, बाकीचं ज्यांच्यात राहाल त्यांच्याकडून येईल. हा अल्बम सुचवणाऱ्या सहकाऱ्याला मात्र पहिल्याच भेटीत विचारा की त्यांचं घर त्या गाण्यातल्या पत्त्यापासून किती लांब होतं. एवढ्या प्रश्नावर तुमचं पहिलं लांबलचक क्वेबेकी संभाषण होईल, आणि त्यातलं अर्धंअधिक तुम्हाला कळेल.

बँडचा पुढचा अल्बम 1975 चा, ‘ऊ ए पासे ला नोस?’. त्यात सुमारे वीस मिनिटांची एक सलग रचना आहे. पहिला अल्बम छापील शब्दांशिवाय समजायला लागला की तिकडे वळा.